रेवतीचा ठोंब्या

विद्यापीठाने गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवायला एकेक ढ मुलगा दिला होता, अर्थात सॉफ्टवेअरचा. त्याला सगळं समजलं की विद्यार्थी पास व्हायचा आणि तो मुलगा पुसला जायचा.

वर्गातले सगळे ढ दिवाळीआधीच हुशार झाले आणि संपले. रेवती घोलपचा ठोंब्या तेवढा उरला.

“सीमेच्या, म्हणजे लिमिटच्या, जवळजवळ जायचं असतं, पोचायलाच हवं असं नाही,” रेवतीने त्याला पुन्हा सांगितलं.

“मग जायचं कशाला?” ठोंब्या म्हणाला. “बरं, जेवलीस का?”

हॉस्टेलवर तिला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

नेर्लेकर मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “घोलप, काल त्याने बरोबर उत्तर दिलं. तू चूक म्हणालीस.”

“हो, मॅडम.”

“अशाने नापास होशील.”

“हो, मॅडम.”

“मीही झाले होते.” मॅडमनी दार लोटलं आणि कपाटातून आपल्या कॉलेजच्या दिवसांतला लॅपटॉप काढून उघडला.

“आलीस, मंजू?” पडद्यावरचा मुलगा म्हणाला. “ते सीमेचं परत सांग ना.”