मंडपाच्या दारापर्यंत

अनवरी शुक्रवारी गेली. काय गेलं, ते सोमवारी कळलं.

सोमवारी दुपारी तिच्या नवऱ्याच्या, बँडमास्तर गयासोद्दीनच्या अंगणात बँड तालमीला बसला. गुरुवारी राजूरला लग्न होतं. वरातीत नव्या मारधाडीच्या पिक्चरमधलं पाठलागाचं संगीत वाजवायचं ठरलं होतं. गाणं नव्हे. हिरो गच्च्यांवरून पळतो, तेव्हा मागं वाजतं ते. पिक्चरमध्ये त्याला साठ व्हायोलिनी होत्या म्हणे. अनवरीनं त्या दोन क्लॅरिनेटवर बसवल्या. कागदावर एक अक्षर नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ती एकेकाचा भाग तोंडानं म्हणायची, ढोलाचा ठेका परातीवर द्यायची.

वाजवता वाजवता सगळे एकाच जागी थांबले. पुढचं कुणालाच येत नव्हतं. नवरा-बायकोनं जालन्याला जाऊन पिक्चर तीनदा बघितला होता. पण जाफराबादची शेवटची गाडी गाठायची म्हणून तिन्ही वेळा संपायच्या आधीच उठले. "शेवट माझ्या मनानं बसवते," अनवरी म्हणाली होती. "शनिवारी शिकवते."

संपतनं ढोलाची काठी मांडीवर ठेवली. "भाभी असत्या तर आतापस्तोर लाटणं आलं असतं अंगावर."

कुणी हसलं नाही. क्लॅरिनेटवाला मुझफ्फर अनवरीचा सख्खा भाऊ. त्यानं खिशातून मोबाइल काढला. "दुल्हेभाई, शेवट यात हाय. ऐकू अन् जल्दी बसवून टाकू."

"ठेव खिशात," गयासोद्दीन म्हणाला.

"आपाचंच नाव राहील ना."

"तिनं ते ऐकलं न्हाई. आपुन बी ऐकायचं न्हाई."

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. नवरदेवाचे वडील, काकासाहेब. ते ओट्यावर बसले, अनवरीबद्दल दोन शब्द बोलले. मग घसा साफ केला.

"मास्तर, तुमच्या घरी असं झालेलं. तुम्हाला कशाला तरास? डीजे सांगून ठेवलाय मी. पोरं म्हणून राह्यली, पिक्चरमधलं हाय तसं वाजतं त्याच्यावर."

गयासोद्दीननं ट्रम्पेट उचललं. "आधी ऐका. मंग लावा डीजे."

संपतचा ढोल पळत सुटला. दोन्ही क्लॅरिनेट त्याच्या मागं लागले. शेजारच्या बायका गच्चीच्या कठड्याशी आल्या. काकासाहेबांचा पाय आपोआप हलायला लागला. आणि जिथवर अनवरीनं शिकवलं होतं, तिथं सगळं एकदम थांबलं. काकासाहेब पुढं वाकलेले तसेच राहिले.

"पुढं?"

"पुढं न्हाई. तिनं इथवरच शिकवलं."

"अन् वरात काय मधीच उभी करता?"

"मधी न्हाई. मंडपाच्या दारात. तिथं थांबावंच लागतंय ना नवरदेवाला?"

 काकासाहेबांनी फोन काढला आणि डीजेवाल्याला नको म्हणून सांगितलं.

ते गेल्यावर मुझफ्फर हळूच म्हणाला, "दुल्हेभाई, कधी ना कधी शेवट लागंलच की."

"पहिल्यापासून घ्या," गयासोद्दीन म्हणाला.

दिवस मावळेपर्यंत त्यांनी ते आठ वेळा वाजवलं. आठही वेळा तिथंच थांबले.

शेवट बसवायचा राहिला आहे.