बाहुलीची शिकवणी

"'मलाही गणित कधी जमलं नाही', हे चिनूच्या देखत म्हणत जाऊ नका हं," पालकसभेत सोनवणेबाईंनी बजावलं होतं. चिनूच्या आईने, वृषालीने, ते हसण्यावारी नेलं. "अहो, खरंच आहे ते! म्हणून तर बी.ए. केलं!" सगळ्या आया खो खो हसल्या होत्या.

मग तिसरीतल्या चिनूचं गणिताच्या दर चाचणीला पोट दुखायला लागलं. ओवा झाला, डॉक्टर झाले. वृषालीच्या जिवाला घोर लागला.

आज दाराआडून तिच्या कानावर आलं. चिनू बाहुलीला शिकवत होती. "रडू नकोस गं सोने, राहू दे. आपल्यात कुणाला गणित येतच नाही. माझ्या आईलासुद्धा."

वृषालीला सोनवणेबाईंचं बजावणं आठवलं. ती आत जाऊन बाहुलीशेजारी मांडी घालून बसली. "बाई, मलाही घाला की एक गणित."

चिनूने पाटीवर बेरीज घातली. वृषाली हातचा मिळवायला विसरली आणि उत्तर चुकलं. चिनू तिच्या तोंडाकडे बघत राहिली, नेहमीच्या वाक्याची वाट बघत. ते अगदी ओठांवर आलं होतं. वृषालीने गिळलं.

"थांबा बाई, परत करते."

"हातचा कुठे गेला, ठोंबे?" चिनू खुदकन हसली आणि पेन्सिल घेऊन तिला चिकटून बसली.

वृषालीला मात्र चैन पडेना. त्या दिवशी पालकसभेत तिच्याबरोबर किती जणी हसल्या होत्या! तिने वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, "तुमच्या घरी कुणी बाहुल्यांना शिकवत असेल, तर आज जरा दाराआड उभ्या राहून ऐका."