जोडी फुटली

"काकू, जोडी फोडता येत नाही," तरुण दुकानदाराने पुन्हा बजावलं. संधिवाताने सुजलेल्या तिच्या डाव्या पायाला सात नंबरचा बूट लागत होता, उजव्याला मात्र सहाच. "त्यापेक्षा या मऊ चपला न्या. या वयात टेकड्या कशाला चढायच्या?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात शेजारच्या स्टुलावर पाय चोळत बसलेल्या, गळ्यात शिट्टी अडकवलेल्या पीटीच्या बाई खाकरल्या. "ताई, तुमचा कुठला सुजलाय?" "डावा मेला!" "माझा उजवा. बाकी मापं हीच!" दोघी एकमेकींच्या पायांकडे बघून खदखदून हसत सुटल्या. एकीने सातचा, दुसरीने सहाचा अख्खा जोड घेतला आणि तिथेच उजवे बूट बदलले. दुकानदार चपला हातात धरून बघतच राहिला. "त्या जपून ठेव हं बाळा," नाडी आवळत ती म्हणाली, "म्हातारं व्हायचं ठरवलंस, की तुलाच लागतील."