तांबोशीची तडतड

आमच्याकडे जमैकात गुड फ्रायडेला तळलेली तांबोशी मासळी हवीच. ती कधी उलटायची हे आई कानानं ठरवते. तेलातली तडतड थांबली की उलटायची. आज पहिली कढईला चिकटून फाटली, दुसरी करपली. "एरल कोळ्यानं शिळा माल गळ्यात मारला," आई करवादली. मग माझ्यावर घसरली, "तूच ओली दिली असशील." दोनदा पुसून दिली होती, माझंही डोकं फिरलं. तिसरी सोडली तेव्हा तेल एवढं तडतडलं की खिडकीतलं मांजर पळालं. आई मात्र वाकून म्हणाली, "तेल तापलंच नाही. आवाज कुठाय?" मासळीवर ओतायच्या व्हिनेगरमधल्या मिरच्यांची वाटी माझ्या हातातच राहिली. तडतड थांबली तशी म्हटलं, "आता उलट." "मला शिकवतेस?" म्हणत तिनं उलटली. खरपूस निघाली. चौथी तेलात सोडून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "उभी काय राहिलीस? गप्प झाली की सांग."