आधी बूट

प्रमुख पाहुण्यांची गाडी अजून कापूरबावडीच्या सिग्नललाच अडकली होती, आणि इकडे कोलशेतला शाळेच्या पटांगणात चाळीस मुली पाऊण तास लेझीम खेळत होत्या. अनवाणी. खाली पेव्हर ब्लॉक, वर ऑक्टोबरचं ऊन. स्केट्सची चाकं उन्हात खराब होतात म्हणून स्केटिंगची टीम तेवढी मंडपात बसून ज्यूस पीत होती.

हलगी नववीतल्या रुचिताच्या हातात होती. ऊन हलगीला मानवतं, कातडं तापून आवाज चढतो. पायांना ते मानवत नाही. पहिल्या रांगेत सहावीतली ऐश्वर्या एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती, आणि ती लेझीमची चाल नव्हती हे रुचिताला दिसत होतं.

मंडपाजवळ प्रिन्सिपल हेमा मॅडम फोन कानाला लावून उभ्या होत्या. रुचिता वाजवत वाजवतच त्यांच्यापाशी सरकली.

"मॅडम, बूट घालू द्या ना. ऐश्वर्याची टाच सोललीये."

"नऊवारीखाली बूट? फोटोत कसं दिसेल ते? परंपरा आहे आपली." मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "दोन मिनिटं, बेटा. आलेच ते."

ही चौथी दोन मिनिटं होती.

परंपरेचं म्हणाल, तर ती या शाळेत आणली होती मारुतीकाकांनी. काका स्कूलबसवर असायचे. लेझीम शिकवणारं दुसरं कुणी मिळेना, तेव्हा मॅडमनी त्यांना बसमधून उतरवून पटांगणात उभं केलं. ते म्हणत, "आमच्या गावाला माळावर खेळायचो आम्ही. काटे काय थोडे? वहाणा करकचून बांधायच्या आणि मग उतरायचं." काकांची परंपरा वहाणा घालून आली होती. ती अनवाणी झाली फोटोग्राफर ठरल्यावर. चाळीस जोड बूट सकाळीच खेळाच्या खोलीत कुलपात गेले होते; किल्ली काकांच्या खिशात होती, आणि काका मंडपापाशी.

ऐश्वर्या आता रडत होती. आवाज न करता, लेझीम न चुकवता. ते पाहिलं आणि रुचिताच्या डोक्यात तिडीक गेली. शनिवारी जिल्ह्याची स्पर्धा होती. शाळेकडून हलगी वाजवणारी मुलगी त्या स्पर्धेत एकच असणार होती, आणि ती आपण असणार म्हणून रुचिता गेले तीन महिने कोपर सुजवून घेत होती. हे सगळं तिला आठवलं. तरीही तिने चाल बदलली.

ती शेवटची चाल होती, मांडीची. मारुतीकाकांनी बसवलेली. चाळीस मुली एका ठेक्यात खाली बसल्या, तळपाय नऊवारीच्या घोळात गेले, लेझीम मांडीवर आल्या. पटांगण एकदम ठेंगणं दिसू लागलं.

"हे काय? आत्ता नाही ती स्टेप! उठा, उठा सगळ्या!"

कुणी उठलं नाही. उठणार कशा? महिन्याभरापूर्वी पालकांना दाखवायच्या सरावात एका सरांनी मध्येच हाक मारली आणि चार मुली थांबल्या, तेव्हा याच मॅडम स्टेजवर चढून सगळ्या पालकांसमोर म्हणाल्या होत्या, "हलगी सोडून कुणाचंही ऐकायचं नाही. माझंसुद्धा नाही. हलगी थांबली, की असाल तशा थांबायचं." पालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शिस्त म्हणजे शिस्त.

"रुचिता, उठव त्यांना."

रुचिता मांडीचाच ठेका वाजवत राहिली.

"शनिवारी स्पर्धेला यायचंय ना तुला?"

"यायचंय, मॅडम."

"मग?"

रुचिताने ठेका चालू ठेवला. मॅडमनी पुढे होऊन हलगी ओढूनच घेतली. पट्टा तिच्या मानेला घासून गेला.

मुली बसल्या होत्या तशाच गोठल्या.

"उर्वी, ऊठ. तू घे ही. शनिवारीसुद्धा तूच वाजवशील."

उर्वी दुसऱ्या रांगेत होती. हलगी तिलाही वाजवता येत होती, आणि शनिवार तिलाही हवा होता हे सगळ्या शाळेला माहीत होतं. तिने मान वर केली नाही. समोर बघत म्हणाली, "मॅडम, हलगी थांबलीये."

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग स्वतःच हलगीवर बोटं मारून पाहिली. टप, टप असा आवाज आला. आठवीच्या रांगेत कुणाला तरी हसू फुटलं, पण हललं कुणी नाही.

तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला. पांढरी गाडी आत वळली. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून पुढे धावला. मधोमध प्रिन्सिपल मॅडम हलगी घेऊन उभ्या, भोवती चाळीस मुली मांडी घालून बसलेल्या. गाडीचं दार उघडायला लागलं तशी मॅडमनी हलगी रुचितापुढे धरली.

"घे. घे लवकर, बाळा."

रुचिताने दोन्ही हात पाठीमागे नेले. मान चुरचुरत होती. शनिवार गेल्यातच जमा होता, आणि तरी तिला गेल्या तासाभरात पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

"आधी बूट, मॅडम."

मॅडमनी वळून मारुतीकाकांना शोधलं. काका आता मंडपापाशी नव्हते. ते खेळाच्या खोलीच्या दाराशी, कुलूप काढून उभे होते.