मेट्रनचा नमुना

१९९७ सालची गोष्ट. दिवाळी सरली आणि आखातातल्या रास अल खैमामधल्या एका खासगी इस्पितळात सगळ्या नर्सेसची अचानक लघवी तपासली. कमलिनी सिस्टरच्या नमुन्यात अफूचा अंश निघाला. आता लायसन्स जाणार, या देशातून कायमची रवानगी होणार.

“सच बोलो, क्या खाया?” मेट्रन अन्नम्मांनी दरडावलं. त्यांना सगळं इस्पितळ टरकून असे.

“अनारसे, मॅडम. आईनं पाठवलेत. वरून खसखस लावतात,” असं म्हणत तिनं डबाच पुढे केला. खसखस म्हणजे अफूचंच बी, हे खाताना तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर कुरेशी हसले. “मिठाई खाके कोई फेल होता है, सिस्टर?”

अन्नम्मांनी डबा ओढला आणि डॉक्टरांच्यादेखत एकामागून एक पाच अनारसे खाल्ले. “साब, ये लडकी बुद्धू है, नशेडी नहीं. कल हमारा टेस्ट करो.”

दुसऱ्या दिवशी मेट्रनही नापास झाल्या. डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले आणि कमलिनीचं लायसन्स रद्द करण्याचा कागद फाडला.

डॉक्टर पुढे कराचीला परतले. कमलिनी तिथंच राहिली, मेट्रन होऊन निवृत्त झाली. अन्नम्मा मात्र त्या तपासणीच्याच महिन्यात निवृत्त होऊन केरळात, कोट्टायमला गेल्या. त्यांच्या निरोपसमारंभात कमलिनीला कळलं, की अनारसे खाल्ले त्या दिवशी त्यांच्या एकतीस वर्षांच्या बिनडाग नोकरीचे फक्त बारा दिवस उरले होते.