खरखर

"डावीकडून दोघं येतायत, खाली बस, अरे..." एवढंच ल्युबेनच्या कानात पडलं आणि पुढचं सगळं खरखरीत बुडालं. पडद्यावर तो उभाच राहिला. दोन गोळ्यांत त्याचा खेळ आटोपला आणि त्याच्यापाठोपाठ पाच जणांच्या अख्ख्या टीमचा.

"बहिरा झालास का रे?" झोर्नित्सा कडाडली. ती टीमची कॅप्टन, तिकडे वार्ना शहरात बसून खेळायची. "घसा फोडून सांगत होते!"

"मी नाही, हा हेडसेट बहिरा आहे!" ल्युबेनने तो डोक्यावरून ओरबाडून काढला.

फेकला मात्र नाही. स्वतःची गाडी विकून आलेल्या पैशांतून त्याने तो घेतला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'बिनतारी स्वातंत्र्य' असं छापलेलं होतं. वा रे स्वातंत्र्य! आवाज धड नाही, चार्जिंग टिकत नाही, आणि अडीनडीला साधी वायर जोडावी तर तेवढं भोकही ठेवलेलं नाही. कंपनीला लिहिलं की ठरलेलं उत्तर यायचं: बंद करून पुन्हा चालू करा, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. दुकानात दोनदा नेला. दुकानदाराने तो कानाला लावून दुकानभर फेरी मारली आणि "झकास चालतोय की!" म्हणून परत दिला. जसा काही ल्युबेनच कांगावा करत होता.

त्याचा संताप नुसत्या पैशांचा नव्हता. वसंतात त्याला पहिल्यांदा फिट आली होती. ट्रक चालवायचा परवाना गेला, परवान्यामागून नोकरी गेली. त्याच्या रुसे शहरात आता भेटेल तो मान वाकडी करून, आवाज खाली आणून "कसं वाटतंय?" विचारायचा. डॉक्टरांनी खेळायला मनाई केली नव्हती, तेवढं एक बरं. या टीममध्ये कुणाला काही ठाऊक नव्हतं. इथे त्याला लोक बिनदिक्कत शिव्या घालत. आणि तेवढं सुखही या प्लास्टिकच्या दोन वाट्या हिरावून घ्यायला निघाल्या होत्या.

"रविवारी निवडीची मॅच आहे," झोर्नित्साने बजावलं. "तोवर आवाज नीट झाला नाही तर तुझ्या जागी दुसरा. आणि जरा डोकं चालव. दुकानात चालतो आणि घरी चालत नाही, म्हणजे खोट घरात आहे. शोध."

त्याने वायफाय बंद केलं. मायक्रोवेव्हचा प्लग काढला. फोन बंद केला. खरखर तशीच. मग हेडसेट कानाला लावून तो खोलीत फिरत राहिला. कपाटापाशी आवाज वाढला. खुर्चीवर चढला तर कान फाटायची वेळ आली. कपाटाच्या माथ्यावर, जुन्या सुटकेसमागे, एक पांढरी पेटी होती. तिच्यावर हिरवा दिवा आणि गुलाबी ससा. तान्ह्या बाळाच्या खोलीत ठेवतात तसली; बाळ रडलं की आईला स्वयंपाकघरात ऐकू जावं म्हणून.

त्याने हेडसेट खाली ओढला. "आई?" त्याच्या तोंडून निघालं.

बाल्कनीत त्याची आई, स्तेफ्का, हिवाळ्यासाठी ढोबळ्या मिरच्या भाजत होती. तिच्या एप्रनच्या खिशातून ल्युबेनचाच आवाज उमटला: "आई?"

तो तीरासारखा बाहेर गेला. "कधीपासून चाललंय हे?"

तिने चिमटा खाली ठेवला. "हॉस्पिटलातून आलास तेव्हापासून."

"चोवीस वर्षांचा घोडा आहे मी! माझ्या खोलीत ससा लावतेस?"

"सशाशिवायचा नव्हता दुकानात."

"सगळं ऐकत होतीस माझं?"

"मला काय कळतंय त्यातलं! डावीकडे, उजवीकडे, मेला, मेला. तू त्या कंपनीच्या नावाने ओरडत असलास की मी निवांत मिरच्या भाजते." तिचा आवाज चिरकला. "त्या दिवशी सूप घेऊन मी दोनदा तुझ्या दारावरून गेले, ल्युबो. खेळत असशील, चिडशील, म्हणून दार वाजवलं नाही. आणि तू आत जमिनीवर पडला होतास."

तो आणखीच चिडला. खोलीत जाऊन त्याने पेटीचा प्लग उपटला आणि दार लावून घेतलं.

रविवारी मॅच सुरू झाली. आवाज काचेसारखा स्वच्छ. झोर्नित्साच्या घरातलं मांजरसुद्धा ऐकू येत होतं. पहिला डाव त्यांनी जिंकला. मधल्या सुट्टीत पाणी आणायला त्याने दार उघडलं, तर ते स्टुलावर आपटलं. दाराला खेटून आई बसली होती. पुढ्यात मिरच्या नव्हत्या, हातात विणकामही नव्हतं.

"मी ऐकत नाहीये," ती घाईघाईने म्हणाली. "नुसती बसलेय."

ल्युबेन पाण्याविनाच परतला. खुर्चीवर चढला, पेटीचा प्लग पुन्हा लावला आणि हेडसेट कानावर चढवला.

"हे काय, परत सुरू झालं?" कुणीतरी कुरकुरलं.

"ही खरखर जाणार नाही," तो म्हणाला. प्रत्येक शब्द त्याला रेटून काढावा लागला. "मला फिट येते. आई पेटी लावून ऐकत असते. माझ्या जागी दुसरा घ्यायचा तर घ्या."

पलीकडून कुणी बोलेना. ऐन वेळी हेडसेटही मेला असं वाटून तो कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, तोच खरखरीतून वाट काढत झोर्नित्साचा आवाज आला.

"गाढवा, काढ ती पेटी. ऐकायला आम्ही चौघं आहोत ना! तू गप्प झालास तर फोन कुणाला करायचा? आईचा नंबर दे."